फौजदाराची मिसल आणि नगरचा नट
दूरचित्रवाणीवर लोकप्रिय झालेली एखादी गुन्हेगारी मालिका पुढे चित्रपटरूपाने चालू राहिली, म्हणजे आपणांस नवल वाटते. परंतु एका माध्यमातून दुसऱ्यात फौजदाराचे बिऱ्हाड हलविण्याची ही चाल आपल्याकडे जुनीच असून तिच्या इतिहासात अहमदनगरचे, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचे, नावही दाखल आहे. श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’ ही कथा विजय तेंडुलकरांच्या पटकथेतून १९८३ साली गोविंद निहलानींच्या ‘अर्धसत्य’ चित्रपटात उतरली, तेव्हा फौजदार वेलणकरासमोर रामा शेट्टी होऊन जो नट उभा ठाकला, तो १९५० साली नगरला जन्मलेला सदाशिव अमरापूरकर. आवाज न चढविता, केवळ थंड नजरेने कायद्याच्या अंमलदारास निष्प्रभ करणारा असा खलपुरुष प्रेक्षकांस अपूर्वच होता. याच नटाने पुढे ‘भारत एक खोज’ या दूरचित्रवाणी मालिकेत महात्मा फुले साकारले. इकडे दूरचित्रवाणीवर मराठी ‘एक शून्य शून्य’ या पोलिसी मालिकेचे दिग्दर्शक बी. पी. सिंग व नट शिवाजी साटम यांनी १९९८ पासून हिंदी ‘सीआयडी’ मालिकेत तपासाचे तेच सूत्र पुढे चालविले. कचेरी बदलते, दप्तर बदलते. मिसल मात्र बंद होत नाही.