आऊटबोर्ड मोटरचे फ्लायव्हील: घरच्या घरी कसे काढावे, कसे बसवावे

मालवण-वेंगुर्ल्यापासून तेरेखोलची खाडी ओलांडून गोव्यात आणि पुढे कारवारपर्यंत, होडीच्या मागच्या फळीला अडकवलेली मोटर सगळीकडे दिसते. बोलताना तिला ‘ओबीएम’ म्हणतात. पुराच्या वेळी बचाव पथकांच्या रबरी बोटींनाही अशीच मोटर असते. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते आणि बऱ्याच मोटरी तेव्हाच खोलल्या जातात. कार्बोरेटर, प्लग, इम्पेलर इथपर्यंत अनेकांचा हात बसलेला असतो. काम अडते ते फ्लायव्हीलपाशी. ते नीट निघाले नाही तर क्रँकशाफ्ट बिघडतो आणि नीट बसले नाही तर मोटर भर पाण्यात दगा देते.

फ्लायव्हील काय करते?

मोटरचे झाकण काढले की सर्वांत वर दोरीचा स्टार्टर दिसतो. त्याच्याखालचे जड, गोल चाक म्हणजे फ्लायव्हील. दुचाकीच्या गॅरेजात यालाच ‘मॅग्नेट’ म्हणतात, कारण त्याच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात. चाक फिरले की खालच्या स्टेटरवरील कॉईलमध्ये वीज तयार होते आणि तीच प्लगपर्यंत जाते. बऱ्याच छोट्या मोटरींना बॅटरी लागत नाही, ती यामुळेच.

फ्लायव्हील क्रँकशाफ्टच्या वरच्या निमुळत्या टोकावर बसते. या निमुळत्या भागाला टेपर म्हणतात. वरून एक मोठा नट असतो आणि मध्ये अर्धचंद्राच्या आकाराची छोटी चावी, म्हणजे वूड्रफ की.

इथे एक गैरसमज नेहमीचा आहे. चावीच फ्लायव्हीलला धरून ठेवते, असे अनेकांना वाटते. तसे नसते. सगळा जोर टेपरची पकड झेलते. नट घट्ट आवळला की चाक शाफ्टवर पाचरीसारखे दाबले जाते आणि दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना धरून ठेवतात. चावीचे काम चाक नेमक्या जागी बसवणे एवढेच, म्हणजे ठिणगी वेळेवर पडते. ही गोष्ट कळली की पुढच्या प्रत्येक पायरीचे कारण कळते.

कधी काढावे लागते?

• ठिणगी येत नाही आणि फ्लायव्हीलखालच्या कॉईल, पॉइंट किंवा कंडेन्सरवर संशय आहे.
• ठिणगी आहे, पेट्रोल येतेय, तरी मोटर सुरू होत नाही. दोरी ओढली की हाताला उलटा झटका बसतो किंवा कार्बोरेटरमधून फटाका फुटतो. चावी कापली जाऊन चाक थोडे सरकल्याची ही खूण.
• चालू मोटरमध्ये वरून खडखड ऐकू येते. चाक ढिले असू शकते किंवा चुंबक सुटलेला असू शकतो. अशी मोटर लगेच बंद करावी.
• वरचे ऑइल सील बदलायचे आहे.

काय काय लागेल?

त्या मोटरची सर्व्हिस पुस्तिका, नटाच्या मापाचे सॉकेट, लांब दांडा, टॉर्क पाना, फ्लायव्हील धरायचा होल्डर किंवा पट्ट्याचा पाना, तीन बोल्टांचा पुलर, नवी चावी, थिनर आणि धागे न सुटणारे स्वच्छ फडके. यातल्या पुलरला पर्याय नाही. तो नसेल तर नटाला हात न लावलेला बरा.

काढण्याची पद्धत

१. प्लगच्या वायरी काढून प्लगही काढावेत. बॅटरी असेल तर तीही सोडवावी. आता मोटर चुकून सुरू होणार नाही आणि हाताने सहज फिरेल.

२. दोरीचा स्टार्टर बोल्ट काढून उचलावा. मोटर गिअरमध्ये असताना दोरी ओढली जाऊ नये म्हणून काही मोटरींत एक बारीक केबल असते, ती आधी सोडवावी. स्टार्टरची आतली स्प्रिंग उगाच खोलू नये; ती जोरात उसळते.

३. फ्लायव्हील होल्डरने धरून नट ढिला करावा. दातांमध्ये स्क्रू ड्रायव्हर अडकवू नये, दात तुटतात. प्लगच्या भोकातून सिलिंडरमध्ये दोरी भरून पिस्टन अडकवण्याची युक्तीही चालते, पण टू-स्ट्रोकमध्ये दोरी पोर्टच्या खिडकीत अडकून कापली जाऊ शकते.

४. नट पूर्ण काढू नये. त्याचा वरचा भाग शाफ्टच्या टोकाशी समतल येईल इतकाच वर आणावा. टेपर सुटतो तेव्हा ‘ठक्क’ असा आवाज होऊन चाक उसळते. नट त्याला उडू देत नाही. शिवाय शाफ्टचे आटेही वाचतात.

५. पुलरचे तीन बोल्ट फ्लायव्हीलच्या आटे असलेल्या भोकांत सारख्याच खोलीपर्यंत फिरवावेत. फार खोल गेले तर खालच्या कॉईलला लागतात. जपानी मोटरींत मिलिमीटरचे आटे असतात, जुन्या अमेरिकी मोटरींत इंची. बोल्ट हाताने सहज जात नसेल तर तो त्या भोकाचा नाही. कडेला पकडणारा नख्यांचा पुलर अजिबात वापरू नये. चाक वाकते, चुंबक निखळतात.

६. पुलरचा मधला बोल्ट आवळत जावा. चांगला ताण आला की त्या बोल्टच्या डोक्यावर हातोड्याचा एक नेमका ठोका द्यावा. नाही निघाले तर थोडे आणखी आवळून पुन्हा ठोका. फारच जाम असेल तर गंज सोडवणारे तेल टाकून ताणावरच रात्रभर ठेवावे.

दोन गोष्टी टाळाव्यात. शाफ्टच्या टोकावर थेट हातोडा मारू नये, कारण तो मार बेअरिंग आणि क्रँकला बसतो. चाक सोडवायला गॅसची ज्योतही लावू नये. उष्णतेने चुंबक कमजोर होतात आणि सील जळते.

निघाल्यावर काय बघावे?

चावी लगेच शोधून बाजूला ठेवावी. ती बहुधा चुंबकाला चिकटलेली सापडते. चाक उलटे, चुंबक वर करून, लाकडी फळीवर ठेवावे. लोखंडाचा कीस जवळ नसावा.

चुंबक बोटाने हलवून पाहावेत. हलत असेल किंवा तडा असेल तर चाक बदलावे. कॉईलच्या तोंडावर घासल्याच्या खुणा असतील तर काहीतरी ढिले आहे किंवा बेअरिंगला खेळ आला आहे. स्टेटरखाली तेलाचा ओलावा असेल तर वरचे सील गेले आहे. टू-स्ट्रोक मोटरमध्ये तिथून हवा आत शिरते, पेट्रोल-ऑइलचे मिश्रण पातळ होते आणि पिस्टन तापून धरतो. म्हणून सील याच वेळी बदललेले परवडते.

टेपरवर हलका गंज असेल तर व्हॉल्व्ह घासायची पेस्ट लावून, चावी न बसवता, चाक हाताने मागे-पुढे फिरवून दोन्ही पृष्ठभाग जुळवता येतात. त्यानंतर पेस्टचा कण न् कण पुसून काढावा. खोल खड्डे असतील किंवा चावीचा खाचा रुंदावला असेल तर काम गॅरेजवर सोपवावे.

पुन्हा बसवणे

१. शाफ्टचा आणि चाकाचा टेपर थिनरने पुसून पूर्ण कोरडा करावा. गंज लागू नये म्हणून इथे ग्रीस फासणे ही नेहमीची चूक आहे. त्याने पकडच जाते. नटाच्या आट्यांना तेल लावायचे का, हे पुस्तिकेत पाहावे.

२. चावी मूळ मापाची, नवीच घालावी. खिळा कापून किंवा कडक पोलादाचा तुकडा घासून केलेली चावी चालत नाही. चाक सरकले तर अशी चावी कापली जात नाही, शाफ्टचा खाचाच फोडते.

३. चाक सरळ खाली आणावे. चुंबक ते झटक्यात ओढून घेतात, तेव्हा बोटे सांभाळावीत. याच क्षणी चावी तिरकी होऊन वर उचलली जाते. वरून डोकावून ती खाच्यात आहे याची खात्री करावी. हाताने फिरवताना चाक डगमगत असेल तर काढून पुन्हा बसवावे.

४. नट टॉर्क पान्यानेच आवळावा. आकडा मॉडेलप्रमाणे खूप बदलतो. जुन्या जॉन्सन-एव्हिनरूडच्या ९.९ आणि १५ अश्वशक्तीच्या मोटरींना ४५ ते ५० फूट-पाउंड, म्हणजे साधारण ६१ ते ६८ न्यूटन-मीटर लागतो. मोठ्या मोटरींना याच्या दुपटीहून जास्त. अंदाजासाठी, १०० न्यूटन-मीटर म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला दहा किलो टांगल्यावर पडेल एवढा जोर. गॅरेजातल्या हवेच्या गनने नट सोडवता येतो, पण आवळायला ती वापरू नये.

काही फोर-स्ट्रोक मोटरींत फ्लायव्हीलखाली टायमिंग बेल्ट असतो. तिथे क्रँक उलटा फिरवू नये आणि खुणा जुळल्याशिवाय पुढे जाऊ नये.

चाचणी

स्टार्टर आणि केबल जागेवर लावून, चाक हाताने दोन-तीन फेरे फिरवून काही घासत नाही ना हे ऐकावे. मग मोटरचा खालचा भाग पिंपातल्या पाण्यात पुरेसा बुडवून सुरू करावी. कोरडी चालवली तर इम्पेलर जळतो. पहिल्यांदा चालवून गार झाल्यावर नटाचा टॉर्क पुन्हा तपासावा.

चावी एकदा कापली गेली तर नवी घालून काम होते. दुसऱ्यांदा कापली गेली तर तिसरी घालण्याआधी टेपर तपासावा, कारण दोष चावीत नाही, पकडीत आहे. किनाऱ्यावर तो दोष तासाभराच्या कामाने सुटतो. खाडीच्या मुखाशी, लाटा फुटतात तिथे मोटर बंद पडली तर तेवढा वेळ मिळत नाही. म्हणून दुरुस्तीनंतरची पहिली फेरी किनाऱ्याजवळच मारावी आणि होडीत वल्ही व नांगर असल्याशिवाय निघू नये.