भिंतींवाचून रुग्णालय : उत्तर चीनमधील सीमाप्रदेशाची आरोग्यव्यवस्था आणि डॉ. द्वारकानाथ कोटणीस (१९३८-१९४२)

प्रस्तावना

डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असते ते बहुधा व्ही. शांताराम यांच्या १९४६ सालच्या ‘डॉ. कोटनीस की अमर कहानी’ या चित्रपटामुळे. त्या पडद्यावरील कोटणीस प्लेगच्या जीवघेण्या साथीवर इलाज शोधतात आणि प्रेक्षक त्यांच्या त्यागापुढे नतमस्तक होतो. तो त्याग खराच होता. परंतु त्यागाच्या या तेजात एक प्रश्न मात्र झाकला गेला. कोटणीस ज्या राज्यव्यवस्थेत चार वर्षे राबले, तिची आरोग्यसेवा प्रत्यक्षात कशी चालत होती? प्रस्तुत लेखात त्या व्यवस्थेचा आणि तेथील दैनंदिन जीवनाचा विचार करावयाचा आहे. कोटणीसांचे मोठे कार्य शस्त्रक्रियेच्या टेबलाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वर्गात घडले, असे माझे प्रतिपादन आहे.

फैजपूर ते येनान

या इतिहासाचे एक टोक आपल्या खानदेशात आहे. डिसेंबर १९३६ मध्ये तत्कालीन पूर्व खानदेशातील फैजपूर येथे राष्ट्रीय सभेचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन भरले. पंडित जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. शेतीविषयक कार्यक्रमाबरोबरच जगावर घोंघावणाऱ्या युद्धाची जाणीवही त्या मांडवात होती. जुलै १९३७ मध्ये जपानने चीनवर उघड आक्रमण केले आणि २६ नोव्हेंबर १९३७ रोजी आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू ते यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय साहाय्य मागितले. पत्र ज्यांच्या हाती पडले, ते फैजपूरचेच अध्यक्ष होते. पुढे सुभाषचंद्र बोस यांच्या अध्यक्षपदाच्या काळात पथक सिद्ध झाले. डॉ. मदन अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू व डॉ. मुखर्जी आणि सोलापूरचे, अवघ्या सत्तावीस वर्षांचे कोटणीस, असे पाच जण १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबईहून निघाले. चुंगकिंगला असताना कोटणीसांना वडिलांच्या निधनाची वार्ता कळली, तरी ते परतले नाहीत. फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले.

येनान हे शेन्सी-कान्सू-निंगशिया सीमाप्रदेशाचे मुख्य ठिकाण. कागदोपत्री हा प्रदेश चिनी प्रजासत्ताकाचाच भाग होता. पण करआकारणी, चलन, शाळा, न्यायदान हे सारे कम्युनिस्ट पक्षाच्या हाती होते. म्हणून त्यास प्रारंभिक कम्युनिस्ट राज्य म्हणणे गैर ठरू नये. पिवळ्या मातीच्या डोंगरउतारात कोरलेल्या गुहा ही तेथील घरे, कचेऱ्या आणि रुग्णालयेही. अन्न प्रामुख्याने राळ्याचे. नोकरवर्गाला वेतनाऐवजी धान्य, कापड व निवारा मिळे आणि कचेरीतील माणसानेही कुदळ हाती घेऊन भाजीपाला पिकवावा, अशी अपेक्षा असे.

समतेचे हे चित्र मात्र जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. वांग शिवेई या लेखकाने १९४२ साली येनानमध्येच कपड्यांच्या तीन व अन्नाच्या पाच प्रती असल्याची टीका केली. त्याची किंमत त्याला मोजावी लागली. पुढे तो कैदेत पडला आणि १९४७ मध्ये ठार मारला गेला. आरोग्याच्या बाबतीतही जखमी सैनिक प्रथम आणि शेतकरी नंतर, हा युद्धाचा क्रम होता. स्वतः माओ त्से-तुंग यांनी ऑक्टोबर १९४४ मधील भाषणात माणसे व जनावरे यांचे मृत्युमान फार मोठे असल्याची कबुली दिली. पंधरा लक्ष वस्तीत दहा लक्षांहून अधिक निरक्षर आणि दोन हजार मांत्रिक आहेत, असे त्यांनी सांगितले. हजाराहून अधिक जुन्या पद्धतीचे वैद्य व पशुवैद्य आहेत, त्यांना सोबत घेतल्यावाचून मूठभर आधुनिक डॉक्टरांचे काही चालणार नाही, हाही त्यांचा मुद्दा होता. सातपुड्यातील भगत आणि सुईण यांना ओळखणाऱ्या आपल्याकडील अभ्यासकास या आकड्यांचा अर्थ वेगळा सांगावयास नको.

रुग्णालयाची नवी कल्पना

जून १९४० मध्ये कोटणीस व बसू हे शान्सी, चाहार व होपेई या प्रांतांच्या सीमेवरील जिन-चा-जी प्रदेशात आले. कॅनडाचे शल्यविशारद नॉर्मन बेथ्यून तेथेच नोव्हेंबर १९३९ मध्ये जंतुसंसर्गाने मृत्यू पावले होते. बेथ्यून यांचा एक अनुभव येथे महत्त्वाचा आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये त्यांनी मोठ्या उमेदीने एक आदर्श रुग्णालय उभारले आणि थोड्याच काळात जपानी सैन्याने ते उद्ध्वस्त केले. इमारत म्हणजे शत्रूला दाखविलेले लक्ष्य, हा धडा त्यातून मिळाला. त्यानंतर रुग्णालय गावांत विखुरले गेले. जखमींना शेतकऱ्यांच्या घरांत ठेवावयाचे, शत्रू आला की गावकऱ्यांनीच त्यांना डोलीवर घालून रातोरात डोंगरात न्यावयाचे आणि शस्त्रक्रियेचे साहित्य खेचराच्या पाठीवर दोन्ही अंगांना लटकणाऱ्या पेट्यांत भरावयाचे. अक्राणीच्या पाड्यांवरून रुग्णाला बांबूच्या झोळीतून सडकेपर्यंत आणतात, हे दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना या वाहतुकीची कल्पना येईल. फरक इतकाच की आपल्याकडे ती व्यवस्थेच्या अभावाची खूण आहे. तेथे तीच व्यवस्था होती.

परंतु अशा रुग्णालयाला माणसे हवीत, आणि पदवीधर डॉक्टर तर बोटांवर मोजण्याइतके. म्हणून तांग परगण्यातील वैद्यकीय विद्यालयास, ज्याला पुढे बेथ्यून यांचे नाव दिले गेले, रुग्णालयाइतकेच महत्त्व आले. खेड्यातील जेमतेम शिकलेल्या तरुणांना तेथे अल्प मुदतीत शिकवून तुकड्यांत व गावांत पाठविले जाई. कोटणीस व्याख्याने देण्याइतकी चिनी भाषा शिकले आणि शल्यशास्त्र शिकवू लागले. जानेवारी १९४१ मध्ये ते बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे संचालक झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात विद्यालयातील परिचर्या-शिक्षिका क्वो छिंगलान यांच्याशी त्यांचा विवाह झाला. १९४२ च्या ऑगस्टमध्ये मुलगा झाला. त्याचे ‘यिनह्वा’ हे नाव भारत व चीन यांच्या चिनी नावांतील अक्षरे जोडून ठेवले होते.

ही पद्धत केवळ साम्यवादी विचारातून उपजली, असे मानणे मात्र इतिहासाला धरून नाही. तांग परगण्याशेजारीच तिंग परगणा आहे. १९३० च्या दशकात तेथे जेम्स येन यांच्या लोकशिक्षण चळवळीत डॉ. चेन झिछ्येन यांनी गावातील शेतकऱ्यालाच थोडे प्रशिक्षण व औषधांची छोटी पेटी देऊन आरोग्यसेवक केले होते. देवी टोचणे आणि जन्ममृत्यूची नोंद ठेवणे ही त्याची कामे. त्या प्रयोगाचा साम्यवादाशी संबंध नव्हता. १९३७ च्या आक्रमणाने तो संपला. १९६८ नंतर जगभर गाजलेल्या ‘अनवाणी डॉक्टरां’ची वंशावळ सांगताना हा पूर्वज सहसा वगळला जातो.

दुसरी वाट

याच परंपरेचा एक धागा भारतात आला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी चर्चिली जात नाही. पेकिंगच्या वैद्यकीय महाविद्यालयात चेन यांचे गुरू असलेले डॉ. जॉन ग्रँट १९३९ मध्ये कलकत्त्याच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेचे संचालक झाले आणि पुढे भोर समितीचे सदस्यही. सोव्हिएट आरोग्यव्यवस्थेचे अभ्यासक हेन्री सिगरिस्ट यांनाही समितीने १९४४ मध्ये पाचारण केले होते. प्राथमिक आरोग्य केंद्राची कल्पना १९४६ च्या या अहवालातूनच आपल्याकडे रुजली. मनुष्यबळाच्या प्रश्नावर मात्र समिती उलट दिशेने गेली. त्या वेळी ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० नोंदणीकृत डॉक्टर होते आणि त्यांपैकी जवळजवळ ३०,००० अल्प मुदतीचा अभ्यासक्रम केलेले परवानाधारक होते. मुंबई इलाख्यात त्यांना एल.सी.पी.एस. म्हणत. समितीने हा वर्ग पुढे निर्माण न करता एकाच दर्जाचा पदवीधर डॉक्टर घडवावा, असे सुचविले. काही सदस्यांनी भिन्नमत नोंदविले, पण बहुमत टिकले.

हेतू उदात्त होता. खेड्यातील माणसाला कनिष्ठ दर्जाचा डॉक्टर का द्यावा, हा प्रश्न आजही निरुत्तर करणारा आहे. परंतु पदवीधर डॉक्टर शहरातच राहिला आणि पाड्यावर कोणीच गेले नाही, हेही तितकेच खरे. २ ऑक्टोबर १९७७ रोजी सुरू झालेली जनआरोग्यरक्षक योजना, आदिवासी भागातील पाडा स्वयंसेवक आणि २००५ नंतरच्या ‘आशा’ कार्यकर्त्या या साऱ्या त्या रिकाम्या जागेत उशिरा घातलेल्या पायऱ्या होत. त्यांना मिळणारा मोबदला आणि मान पाहता, ती जागा भरली असे म्हणण्यास माझी लेखणी धजत नाही.

कोटणीसांना हा वाद पाहण्यास मिळाला नाही. अपस्माराच्या झटक्यांनी ते खंगले होते, तरी विश्रांतीसाठी प्रदेश सोडावयास तयार नव्हते. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. विद्यालयातील विद्यार्थ्यांसाठी शल्यशास्त्राचे प्राथमिक पाठ्यपुस्तक त्यांनी तयार केले होते. अधिक विस्तृत असे दुसरे पुस्तक तेव्हा त्यांच्या टेबलावर अपुरे होते.