औंढ्याची वेधशाळा आणि संगणकांचा मुकादम

नामदेवांच्या कीर्तनासाठी औंढ्याच्या नागनाथाचे देऊळ फिरले, ही कथा मराठवाड्यात लहान पोरालाही ठाऊक असते. त्याच औंढ्याजवळ, हिंगोली जिल्ह्यात, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची ‘लायगो-इंडिया’ वेधशाळा उभारायची ठरली आहे. केंद्र सरकारने २०२३ साली तिला २६०० कोटी रुपये मंजूर केले. उपकरणाचे कौतुक पुष्कळांनी केले. मला सांगायचे आहे ते त्यामागच्या आकडेमोडीच्या वाटणीविषयी, कारण त्या इतिहासात पुणेही आहे.

१९९१ साली पुण्याच्या आयुकातील सत्यप्रकाश आणि संजीव धुरंधर यांनी, दोन तारे एकमेकांत मिसळताना उठणारी गुरुत्वलहर गोंगाटातून ओळखायला नमुने कसे निवडावेत, हे मांडले. त्याच वर्षी, पुण्यातच, विजय भटकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सी-डॅकमध्ये ‘परम ८०००’ हा समांतर संगणक सिद्ध केला. त्यातल्या ट्रान्सप्युटर चिपांत, कोणत्या कामाची पाळी आधी हे ठरवण्याची सोय अंगभूतच होती.

पण हात पुष्कळ झाले म्हणून काम लवकर होते असे नाही. हळद काढताना मुकादमाने सकाळीच सर्वांना सारख्या सऱ्या वाटल्या, तर ज्याच्या वाट्याला कठीण जमीन आली तो दिवेलागणीपर्यंत खणत राहतो आणि बाकीचे बांधावर तंबाखू मळतात. शहाणा मुकादम ज्याची सरी संपेल त्याला पुढची दाखवतो. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९८० नंतरच्या दशकात ‘काँडोर’ नावाचा असाच मुकादम घडला. तो रिकामी यंत्रे हेरून त्यांना काम देतो. मालकाने कळफलकाला हात लावला, की झाले तेवढे काम टिपून मुक्काम दुसरीकडे हलवतो. (दिवाळीत असे पाहुणे कोणाला नकोत?) लायगोच्या शास्त्रज्ञांनी तोच कामाला लावला. १४ सप्टेंबर २०१५ च्या पहिल्या लहरीच्या शोधात सुमारे अडीच लाख नमुने ताडून पाहिले गेले. प्रत्येक नमुना स्वतंत्र, म्हणूनच ही वाटणी साधते.

घाईचे मोल कळले ते १७ ऑगस्ट २०१७ ला. दोन न्यूट्रॉन तारे आदळले. नेमका त्याच वेळी लिव्हिंग्स्टनच्या नोंदीत खरखराट मिसळला. तो निपटून दिशेचा नीट नकाशा दुर्बीणवाल्यांच्या हाती पडायला चार-पाच तास गेले. चिलीतल्या दुर्बिणीला तो उजेड अकरा तासांच्या आत सापडला खरा, पण त्याचे पहिले तास कोणत्याच दुर्बिणीने पाहिले नाहीत. दोन-तीन दिवसांत त्याचा निळेपणाही ओसरला.

औंढे अमेरिका, इटली आणि जपानपासून दूर, म्हणून तिथली नोंद मिळाली की दिशा पुष्कळ नेमकी होईल. मात्र ती नोंद संगणकाच्या रांगेत किती वेळ तिष्ठते, यावर पुढच्या स्फोटाचे ते पहिले तास हाती लागायचे की नाही, हे अवलंबून राहील.