औंढ्याचा नागनाथ आणि पाठीमागचा नंदी

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. या जिल्ह्यातील औंढा हे गाव नागनाथाच्या मंदिरामुळे सर्वश्रुत आहे. बारा ज्योतिर्लिंगांत त्याची गणना होते. औंढ्यासंबंधी लिहिताना पुराणकथेपुढे न जाण्याची आणि नावात ‘नाग’ दिसताच हे मूळचे बौद्ध स्थान असे ठरवून टाकण्याची, अशा दोन प्रवृत्ती आढळतात. या दोहोंपासून दूर राहून तेथील परंपरांचे थर वेगळे करून पाहावेत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

शिवपुराणाच्या कोटिरुद्रसंहितेतील कथा अशी. दारुक राक्षस व त्याची पत्नी दारुका यांचे वन पार्वतीच्या वराने समुद्रात गेले. तेथे ते नौकांतून जाणाऱ्या प्रवाशांना बंदी करीत. अशाच बंदीत पडलेल्या सुप्रिय नावाच्या वैश्याने शिवाराधना सोडली नाही. शिव प्रकट झाला, त्याने राक्षसांचा संहार केला आणि तेथेच नागेश्वर म्हणून वास केला. या वनात चारही वर्णांचे धर्म चालोत, असा वरही त्याने दिला असे कथा सांगते. हे दारुकावन कोठले, याविषयी मात्र एकमत नाही. गुजरातेत द्वारकेजवळील नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर हेही तोच मान सांगतात. कथेतील समुद्र द्वारकेला अनुकूल, तर शंकराचार्यांच्या नावावरील स्तोत्रातील दक्षिण दिशेचा उल्लेख औंढ्याला अनुकूल पडतो. औंढ्याची स्थानिक परंपरा मंदिराचे श्रेय वनवासी पांडवांना, विशेषतः युधिष्ठिराला देते.

वास्तू मात्र वेगळेच काही सांगते. तिचा शिल्पांकित खालचा भाग यादवकालीन असून त्याची शैली लोक ‘हेमाडपंती’ म्हणून ओळखतात. वरील शिखर उत्तरकालीन आहे. अहिल्याबाई होळकरांनी (१७२५–१७९५) जीर्णोद्धार केल्याचे सांगितले जाते. गर्भगृह सभामंडपाच्या पातळीखाली आहे. अरुंद वाटेने वाकून उतरावे तेव्हाच लिंगाचे दर्शन घडते. महाशिवरात्रीची यात्रा, त्यानंतरचा रथोत्सव आणि श्रावणातील सोमवार हे येथील गर्दीचे दिवस होत.

आता ‘नाग’ या नावाचा विचार करू. पाली वाङ्मयात नाग म्हणजे सर्प, नाग म्हणजे हत्ती आणि नाग म्हणजे श्रेष्ठ पुरुषही. पाप न करणारा तो नाग, अशी उकल सुत्तनिपातातील सभियसुत्तात केलेली आहे. संबोधीनंतर पावसात भगवंतांभोवती वेटोळे घालणारा मुचलिंद नागराज सर्वांच्या परिचयाचा आहे. याहून महत्त्वाचा पुरावा या भूभागाच्या इतिहासात मिळतो. हिंगोलीच्या उत्तरेस वाशीम, म्हणजे वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी वत्सगुल्म, आग्नेयेस नांदेड. याच वत्सगुल्माच्या हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने पाचव्या शतकात अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. त्याच्या शिलालेखात विहाराच्या वर्णनात नागेंद्राच्या निवासाचा उल्लेख येतो, आणि लेण्याच्या वाटेवर नागराजाची मूर्ती आजही आहे. म्हणजे नागपूजा ही एका धर्माची खासगी मिळकत नव्हती. पाणी आणि भूमी यांचे रक्षण करणाऱ्या या जुन्या देवतेला बौद्ध विहाराने आपल्या दारी जागा दिली, आणि शैव परंपरेने तिला शिवाच्या नावात सामावून घेतले. मराठवाड्यातील वडवळ, सोलापूरकडील मोहोळ येथील नागनाथही याच नामपरंपरेची आठवण देतात.

परंतु एवढ्यावरून औंढ्याचे मंदिर मूळचे विहार होते असे म्हणता येणार नाही. तेरच्या त्रिविक्रम मंदिराचा दाखला येथे उपयोगी पडतो. त्याचा चापाकार विटांचा आराखडा पाहून अनेक अभ्यासकांनी ते मूळचे चैत्यगृह मानले. तेथे अनुमानाला वास्तूचा आधार आहे. औंढ्याच्या बाबतीत बोलणारे केवळ नाव आहे, आणि नाव म्हणजे पुरावा नव्हे. ज्या कसोटीवर आपण पुराणातील पांडव नाकारतो, तीच कसोटी आपल्याला प्रिय असलेल्या निष्कर्षालाही लावली पाहिजे. असे न केल्यास इतिहास राहत नाही. केवळ दंतकथेचा मालक बदलतो.

औंढ्याचे खरे ऐतिहासिक मोल आमच्या मते अन्यत्र आहे. शिवमंदिरात नंदी देवासमोर असावयाचा. येथे तो मंदिराच्या पाठीमागे आहे. याचे कारण सांगणारी कथा संत नामदेवांशी (१२७०–१३५०) जोडलेली आहे. नामदेव जातीने शिंपी. त्यांचे जन्मस्थान म्हणून सांगितले जाणारे नरसी याच जिल्ह्यात आहे. मंदिरासमोर कीर्तन करीत असता पुजाऱ्यांनी त्यांना हटवून मागे जाण्यास सांगितले. ते मागे जाऊन गाऊ लागले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले आणि नंदी मागे राहिला. विसोबा खेचरांची कथाही याच क्षेत्राची. पिंडीवर पाय ठेवून निजलेल्या विसोबांनी नामदेवांना म्हटले, देव नाही तेथे माझे पाय ठेव. परंतु पाय ठेवावेत तेथे पिंडी उभी राहिली. दोन्ही कथांचा रोख एकच आहे. देवाची पुढची बाजू कोणती आणि मागची कोणती, हे ठरविण्याचा पुजाऱ्याचा अधिकार त्या नाकारतात.

दगडी देऊळ फिरले हे इतिहास मानू शकत नाही. मात्र कथेचे प्राचीनत्व तपासता येते. शिखांच्या आदिग्रंथात, ज्याचे संकलन १६०४ मध्ये पूर्ण झाले, नामदेवांच्या नावाची ६१ पदे आहेत. त्यांतील भैरव व मलार रागांतील पदांत जातीवरून देवळातून उठविले गेल्याचे आणि देऊळ फिरल्याचे स्पष्ट कथन आहे. तेथे औंढ्याचे नाव नाही, आणि हाक विठ्ठलाला घातलेली आहे. म्हणजे अपमानाची स्मृती सतराव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रापासून पंजाबपर्यंत पोहोचलेली होती. तिला औंढ्याचा पत्ता आणि नंदीची साक्ष स्थानिक परंपरेने जोडून दिली असावी. पुराणातील शिव वर्णधर्माला वर देतो. लोककथेतील शिव वर्णाने हटविलेल्या माणसाकडे तोंड फिरवितो. एकाच देवाच्या या दोन कथांतील अंतर हाच औंढ्याचा सामाजिक इतिहास होय.

दारात अडविल्या गेलेल्याची कथा आपल्याही वाङ्मयात आहे. महावग्गात मनुष्यरूप घेऊन प्रव्रज्या घेतलेल्या एका नागाला ओळख पटताच संघातून परतावे लागले. तो रडला. भगवंतांनी त्याला उपोसथ पाळण्यास सांगितले, आणि तेव्हापासून उपसंपदेच्या वेळी उमेदवाराला तो मनुष्य आहे काय, हे विचारले जाते. या प्रश्नाला ‘होय’ असे उत्तर देणाऱ्याची जात तेथे विचारात घेतली जात नाही. नामदेवांना मात्र मनुष्य असूनही मागे जावे लागले. १९३० साली नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह करणाऱ्यांसाठीही ते दार उघडले नाही. मंदिर प्रथम कोणाचे होते, हा वाद पुराव्याअभावी मिटणारा नाही. त्याच्या दारातून कोणाला मागे पाठविले गेले, हे मात्र समाजाने विसरू दिलेले नाही. औंढ्यास जाणाऱ्याने गर्भगृहात उतरण्याआधी देवळाच्या पाठीमागे जाऊन तो नंदी अवश्य पाहावा.