लाख आपली, आवाज कुणाचा?

मंडळी, शहरांत जुन्या रेकॉर्डचं वेड पुन्हा आलं आहे. पुण्या-मुंबईची विशीतली मुलं दोन-तीन हजार रुपये मोजून काळी तबकडी विकत घेतात. आमचा नातूही त्यातलाच. त्याला जमैकाचं 'रेगे' संगीत आवडतं. त्याच्या नादानं मीही थोडं वाचायला लागलो, आणि वाचता वाचता येऊन पोचलो तो थेट आपल्या मुलचेऱ्याकडच्या जंगलात. कसा, ते सांगतो.

आज जिला व्हायनल म्हणतात ती लाँग प्ले तबकडी प्लास्टिकची. ती १९४८ साली अमेरिकेत आली. त्याआधी जवळजवळ पन्नास वर्षं जगभरच्या रेकॉर्ड लाखेच्या होत्या. हो, तीच लाख! पळस, बोर, कुसुम यांच्या कोवळ्या फांद्यांवर बारीक किडे बसतात, रस शोषतात आणि अंगाभोवती राळेसारखं कवच करतात. ते खरवडायचं, धुवायचं, वितळवून पातळ पापुद्रे काढायचे. हा झाला चपडा. त्यात दगडाची भुकटी आणि काजळी मिसळून, गरम असतानाच साच्यात दाबलं की गाण्याची रेघ उमटायची. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. हातातून पडली की तुकडे!

ही लाख मुख्यतः हिंदुस्थानातून जायची. छोटा नागपूरचा मान पहिला, पण आपल्या मध्य प्रांतातूनही पुष्कळ जायची. जुना चांदा जिल्हा याच प्रांतातला. दुसऱ्या महायुद्धात लाखेची इतकी टंचाई झाली, की १९४२ साली अमेरिकेनं रेकॉर्डसाठीच्या लाखेत ७० टक्के कपात केली. मग जुन्या रेकॉर्ड मोडीत गोळा करून त्यांच्या नव्या होऊ लागल्या. जंगलात फांद्या खरवडणाऱ्या बाईला यातलं काय कळलं असणार?

आपल्या देशातलं पहिलं मोठं ध्वनिमुद्रण १९०२ साली कलकत्त्यात झालं. गौहरजान गायल्या, आणि तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोवरला गेल्या. १९०८ साली कलकत्त्यातच छापखाना निघाला. पुढे बालगंधर्व, हिराबाई बडोदेकर घरोघरी पोचले. मुंबईत काळा घोड्याजवळ ऱ्हिदम हाऊस होतं. तिथल्या छोट्या खोल्यांत उभं राहून आधी रेकॉर्ड ऐकायची आणि मग घ्यायची, अशी सोय होती. ते दुकान २०१६ च्या फेब्रुवारीत बंद झालं, तेव्हा अनेक मुंबईकर हळहळले.

आम्हाला कुठलं आलंय दुकान! मी मास्तर झालो त्या काळात आमच्याकडे लग्नात भाड्यानं भोंगा यायचा. सिनेमाची दहा-बारा गाणी रात्रभर. एकीकडे आंगणात बाया हातात हात गुंफून रेला म्हणायच्या, आणि झाडावरच्या भोंग्यापुढे त्यांचा आवाज ऐकू यायचा नाही. थोड्या वेळानं त्या गप्प बसत. तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, कुणालाच वाटत नसे.

इंग्रज सरकारनं मात्र आपल्या बोली तबकडीवर घेतल्या होत्या. ग्रिअर्सन साहेबांच्या भाषा-पाहणीसाठी १९१३ ते १९२९ या काळात प्रांतोप्रांती ध्वनिमुद्रणं झाली. माणसांकडून बहुधा बायबलातली उधळ्या मुलाची गोष्ट वदवून घेतली. त्या तबकड्या कचेरीसाठी होत्या, दुकानासाठी नव्हत्या.

आता जमैकाकडे वळू. किंग्स्टन शहरात लेस्ली काँग नावाच्या माणसाचं आइस्क्रीमचं आणि रेकॉर्डचं दुकान होतं. तो आपल्याच गावच्या पोरांची गाणी मुद्रित करू लागला. १९६२ साली बॉब मार्लीची पहिली रेकॉर्ड त्यानंच काढली. जमैकाची माणसं पोटासाठी लंडनला गेली, रेकॉर्ड त्यांच्यामागून गेल्या, आणि तिथंही त्यांची दुकानं उभी राहिली. २०११ च्या जनगणनेत जमैकाची लोकसंख्या होती सुमारे २७ लाख. त्याच वर्षी आपल्याकडे गोंडी मातृभाषा सांगणारे होते जवळपास ३० लाख! तेवढ्याशा बेटाचं गाणं माझा नातू पुण्यात बसून ऐकतो. आमच्या शेजारच्या टोल्यावरचं गाणं त्यानं ऐकलेलं नाही.

म्हणजे गाणं कमी पडलं नाही, माणसंही कमी नव्हती. आपल्या माणसांचं गाणं विकत घेण्याजोगं आहे, असं वाटणारा एक दुकानदार तिथं निघाला. इथं लाख घेणारे व्यापारी आले, गाणं घेणारा कुणी आला नाही.

जुन्या तबकड्या जपणारी माणसं आपल्याकडेही आहेत. सुरेश चांदवणकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १९९० साली मुंबईत रेकॉर्ड-संग्राहकांची संस्था काढली. त्यांच्यामुळे पुष्कळ मराठी आवाज वाचले. पण जे कधी मुद्रितच झालं नाही, ते कोण वाचवणार?

आता यूट्यूबवर नवी गोंडी गाणी येतात, हे चांगलंच आहे. पण रोवणीची, लग्नातली, दंडारीतली जुनी गाणी अजून म्हाताऱ्यांच्या तोंडीच आहेत. भाचे-पुतणे हो, दिवाळीला गावी याल तेव्हा आत्याला, मावशीला जवळ बसवा आणि खिशातला फोन समोर ठेवा. गाणाऱ्या बाईचं नाव, गाव आणि तारीख तेवढी आठवणीनं बोलून घ्या. आधी तिला विचारा मात्र. आणि त्या वेळी कुणी डीजे लावला असेल, तर तो तेवढा बंद करायला सांगा.