नळराजाचा दुसरा डाव : पोकर शिकू पाहणाऱ्यांसाठी इतिहासातील काही धडे

१/
जून-जुलैमध्ये वर्सोव्याच्या किनाऱ्यावर होड्या ओढून ठेवलेल्या असतात. मासेमारीला बंदी, जाळ्यांची डागडुजी चाललेली आणि ताडपत्रीच्या आडोशाला पत्त्यांचा डाव बसलेला. २०२५ च्या जुलैत याच किनाऱ्यावर एका मित्राने मला विचारले, "पोकर नीट शिकायचा आहे. सुरुवात कुठून करू?" मी इतिहासाचा विद्यार्थी, खेळाडू म्हणून अगदी सामान्य. तरीही या प्रश्नाचे बरेचसे उत्तर इतिहासात सापडते. हा थ्रेड त्याविषयी.

२/
मित्र केवळ हौसेपोटी विचारत नव्हता. मोबाइलवरील पैशांच्या खेळात त्याने सत्राच्या शुल्काची रक्कम घालवली होती. नीट शिकलो तर गेलेले परत मिळवीन, अशी त्याची समजूत होती. म्हणजे प्रश्न दोन होते. खेळ सुधारता येतो का? आणि खेळ सुधारला म्हणजे गेलेले परत येते का? पहिल्याचे उत्तर 'हो' असे आहे. दुसऱ्याचे उत्तर थ्रेडच्या शेवटी.

३/
द्यूत म्हटले की आपल्याला युधिष्ठिर आठवतो. पण महाभारताच्या वनपर्वात, सर्वस्व हरून बसलेल्या या युधिष्ठिराला बृहदश्व ऋषी दुसऱ्या एका हरलेल्या राजाची कथा सांगतात, ती नळाची. निषधांचा राजा नळ आपला भाऊ पुष्कर याच्याशी द्यूत खेळायला बसतो आणि हरत जातो. मंत्री येतात, प्रजाजन येतात, दमयंती विनवते. तो उठत नाही. कथा सांगते की त्याच्या अंगात कलीने प्रवेश केला होता.

४/
आजचे पोकरपटू या अवस्थेला 'टिल्ट' म्हणतात. एक मोठा डाव हरल्यावर माणूस पत्ते पाहायचे सोडून अपमान मोजू लागतो, आणि प्रत्येक पुढची चाल मागच्या हरण्याची भरपाई म्हणून खेळतो. नवशिक्यासाठी पहिला धडा येथेच आहे : बसण्यापूर्वीच उठायची मर्यादा ठरवा. किती गेले म्हणजे थांबायचे आणि किती वाजले म्हणजे थांबायचे, हे शांत डोक्याने आधी लिहून ठेवा. डावाच्या मध्यात ही मर्यादा ठरवता येत नाही. नळालाही आली नाही.

५/
कथेचा दुसरा भाग अधिक मोलाचा आहे. राज्य गमावलेला नळ 'बाहुक' या नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. दोघे रथातून विदर्भाकडे निघाले आहेत. (विदर्भाची राजधानी कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपूर, असे परंपरा मानते.) वाटेत बेहड्याचे एक झाड लागते. ऋतुपर्ण त्याच्याकडे नुसते पाहून पाने आणि फळे किती हे सांगतो. दोन फांद्यांवरच्या फळांचा आकडा तो देतो २,०९५.

६/
नळ काय करतो? 'वा महाराज' म्हणून पुढे जात नाही. रथ थांबवतो, झाड तोडतो आणि फळे मोजतो. आकडा जुळतो. मग तो अश्वविद्येच्या बदल्यात ऋतुपर्णाकडून 'अक्षहृदय', म्हणजे द्यूताचे रहस्य, शिकून घेतो. येथे बेहड्याचेच झाड असणे अर्थपूर्ण आहे, कारण प्राचीन भारतात बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरली जात. खेळाचे रहस्य मोजण्यात आहे, हे कथाकाराला पक्के ठाऊक होते. आणि अक्षहृदय कळताच कली नळाच्या शरीरातून बाहेर पडतो.

७/
युरोपात हीच गोष्ट लेखी गणित म्हणून पुढे आली. सोळाव्या शतकातील इटालियन वैद्य कार्दानो स्वतः जुगारी होता. फाशांच्या शक्यतांवरचे त्याचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ मध्ये छापले गेले. त्याआधी १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांनी एका अर्धवट राहिलेल्या डावातील रकमेची वाटणी कशी करावी, यावर पत्रव्यवहार केला. संभाव्यताशास्त्राचा पाया त्या पत्रांत आहे.

८/
आता आपल्या ओळखीच्या डावाकडे येऊ. तीन पत्तीत ५२ पानांतून तीन पाने येण्याचे एकूण २२,१०० प्रकार होतात. त्यांतले १६,४४० प्रकार, म्हणजे जवळजवळ तीन-चतुर्थांश, असे की हातात जोडीसुद्धा नसते. एक गंमत पाहा. ट्रेलचे प्रकार ५२ आणि प्युअर सिक्वेन्सचे ४८. म्हणजे प्युअर सिक्वेन्स अधिक दुर्मीळ, तरी रूढ क्रमात ट्रेलच वरचढ. दिवाळीला हा खेळ खेळणाऱ्या किती जणांनी कधी हे मोजून पाहिले असेल?

९/
पोकर एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेत, न्यू ऑर्लिन्स आणि मिसिसिपी नदीवरच्या आगबोटींच्या परिसरात वाढला. सुरुवातीला तो २० पानांवर खेळत. पुढे ५२ पाने आली. पाच पानांच्या हाताचे २५,९८,९६० प्रकार होतात आणि त्यांतले निम्म्याहून किंचित अधिक हात जोडीविना असतात. आज लोकप्रिय असलेल्या प्रकारात आरंभी दोन पाने मिळतात. ती दोन्ही एक्के असण्याची शक्यता २२१ मध्ये १ आहे.

१०/
यातून दुसरा धडा : बहुतेक हात टाकून देण्यासाठीच असतात. नवशिक्याला प्रत्येक डावात राहावेसे वाटते, कारण पॅक करणे त्याला भित्रेपणाचे वाटते. वर्सोव्याच्या कोळ्याला असे वाटत नाही. उधाण कधी, भांग कधी, हे तो तिथीवरून सांगतो आणि वारा बरा नसेल तर होडी काढत नाही. त्या दिवशी घरी बसला म्हणून त्याला कोणी कच्चा म्हणत नाही. थोडे हात खेळा, पण खेळाल ते नेटाने खेळा.

११/
तिसरा धडा भावाचा. समजा, मध्ये ३० चिंचोके आहेत आणि पुढे जाण्यासाठी तुम्हांला १० टाकायचे आहेत. ४० पैकी १० तुमचे, म्हणजे चारात एकदा तरी जिंकण्याची शक्यता हवी. तुमच्याकडे एकाच रंगाची चार पाने आहेत आणि एकच पान उघडायचे आहे. न दिसलेल्या ४६ पानांत तुमच्या रंगाची ९. शक्यता साधारण २० टक्के. पंचवीस हवे, वीस आहेत : पॅक करा. मध्ये ५० असते, तर सहात एकदा जिंकणेही पुरले असते : खेळा. ऋतुपर्णाचे झाड ते हेच.

१२/
चौथा धडा स्मृतीचा. त्यासाठी सावंतवाडीला जावे लागेल. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद बाबरनाम्यात आहे. तोच खेळ दख्खनेत आणि कोकणात दशावतारी रूप घेऊन रुजला. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी १२० गोल पाने. पाच रंगांत दहा मोठा, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. दिवसा डाव रामापासून सुरू व्हायचा, रात्री कृष्णापासून.

१३/
एवढी पाने, उलटसुलट क्रम, आणि कोणते पान पडले ते लक्षात ठेवल्याखेरीज खेळणेच अशक्य. आपले तीनशे चार, मेंढीकोट किंवा पाच-तीन-दोन हे खेळही पडलेले पान स्मरणात ठेवायला लावतात. ज्यांनी मे महिन्याच्या सुटीत आजी-आजोबांसोबत हे डाव खेळले आहेत, त्यांची अर्धी तयारी झालेली आहे. पोकरमध्ये पानांबरोबर माणसेही लक्षात ठेवायची असतात : कोण केव्हा वाढवतो, कोण केव्हा गप्प राहतो. हात टाकून दिल्यावर मोबाइल पाहू नका, डाव पाहा.

१४/
पाचवा धडा मुंबईच्या पावसाचा. एकोणिसाव्या शतकात पायधुनीच्या परिसरात पावसावर सट्टा चाले. ठरलेल्या मुदतीत पाऊस पडेल की नाही, यावर पैजा लागत आणि आभाळाचा रंग बदलेल तसा भाव बदले. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा या सट्ट्याला पुरा पडेना, म्हणून १८९० मध्ये दुरुस्ती करून पाऊस त्यात घालावा लागला. ज्याला ढग जितके उशिरा पाहायला मिळतील, त्याचा अंदाज तितका बरा. पोकरमध्येही शेवटी बोलणाऱ्याला सर्वांच्या चाली दिसलेल्या असतात. म्हणून आपली बसण्याची जागा पाहून हात निवडा.

१५/
सहावा धडा सर्वांत कटू. १९६० च्या दशकात कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांच्या नावांनी मटका मुंबईत पसरला. गिरणगावातला कामगार आकडा लावी. गणित साधे आहे. दहा आकड्यांतून एक निघणार आणि लागल्यास मोबदला नऊपट, असे धरले तर शंभर रुपयांमागे सरासरी दहा रुपये चालवणाऱ्याच्या खिशात राहतात. पोकरमध्ये तुम्ही एकमेकांशी खेळता खरे. पण डाव मांडून देणारा प्रत्येक डावातून आपला वाटा कापत असेल, तर सगळे खेळाडू मिळून हरतच असतात. 'मी इतरांपेक्षा बरा आहे का' एवढे विचारून भागत नाही. 'तो वाटा भरून काढण्याइतका बरा आहे का' हे विचारावे लागते.

१६/
नशीब किती आणि कौशल्य किती, हा प्रश्न आपल्या न्यायालयांनीही वाहिला आहे. १८८७ च्या कायद्याने निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट दिली होती. १९५७ मध्ये 'मुंबई राज्य विरुद्ध चमारबागवाला' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की जुगाराला व्यापार म्हणून घटनेचे संरक्षण नाही. १९६७ मध्ये याच न्यायालयाने रमीत पडलेली पाने लक्षात ठेवावी लागतात, म्हणून तो प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरवला आणि तीन पानांचे खेळ निव्वळ नशिबाचे म्हणून वेगळे काढले. पुढे २०१७ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने पोकरला जुगारातच गणले.

१७/
महाराष्ट्राची आणखी एक नोंद. १९७६ मध्ये राज्याने कॅसिनोंसाठी कायदा केला. तो कधीच अमलात आला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांविषयी जो कायदा केला, त्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, मग त्यात कौशल्य असो वा नशीब. जवळजवळ दीडशे वर्षे चाललेला तो भेद या कायद्याने ऑनलाइनपुरता बाजूला ठेवला.

१८/
म्हणून माझा व्यावहारिक सल्ला : चिंचोक्यांवर खेळा. चार-पाच मित्र, एक कॅट, प्रत्येकाला शंभर चिंचोके आणि जवळ एक वही. प्रत्येक मोठ्या डावानंतर दोन ओळी लिहा : मी काय समजत होतो, आणि निघाले काय. बरोबर चाल करूनही हरता येते आणि चुकीची चाल करूनही जिंकता येते. एका रात्रीचा निकाल काहीच सांगत नाही. वहीत शंभर डाव झाले की आपली खोड आपल्याला दिसू लागते.

१९/
आता दुसरा प्रश्न. नळाला गेलेले परत मिळाले ना? मिळाले. अक्षहृदय शिकून तो पुष्कराकडे गेला, एकाच डावात सर्व जिंकला आणि थांबला. हरलेल्या भावाला त्याने क्षमा केली, त्याचा वाटाही परत दिला. पण त्याचे राज्य पुष्कराकडे जसेच्या तसे होते आणि मधे वाटा कापणारा कोणी नव्हता. आपले गेलेले पैसे पुढच्या डावात कुठेही ठेवलेले नसतात. पुढचा डाव नवा असतो, पानांना मागचे काही ठाऊक नसते.

२०/
मित्राला मी हेच सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. दोन दिवसांनी त्याने घरी फोन करून सगळे सांगितले. शुल्काचे हप्ते ठरले. आता रविवारी आम्ही चौघे चिंचोक्यांवर बसतो आणि खरे सांगायचे तर तो आमच्यापेक्षा बरा खेळतो. बृहदश्वांनी कथा संपवून युधिष्ठिरालाही अक्षहृदय दिले. पुढे विराटाच्या दरबारी तो कंक नावाने द्यूताचा जाणकार म्हणून राहिला. हरलेला माणूस शिकू शकतो, हे महाभारताने दोनदा सांगितले आहे.

२१/
थ्रेड येथे संपतो. आपल्या घरी कोणते डाव खेळले जात? तीनशे चारचे गुण मोजण्याची आपल्या गावची पद्धत कोणती? कोणाच्या घरी जुनी गंजिफा आहे का? प्रतिसादात अवश्य लिहा. आणि आपला एखादा मित्र 'फक्त गेलेले परत मिळवायचे आहे' असे म्हणत असेल, तर हा थ्रेड पाठवण्याआधी त्याला एक फोन करा.