दुर्बोध कादंबरी आणि पत्र वाचणारी माणसे

मराठी कादंबरीच्या चर्चेत ‘दुर्बोध’ हा शब्द निकालासारखा वापरला जातो. एकदा तो शिक्का बसला की पुस्तक अभ्यासकांच्या ताब्यात जाते आणि साधा वाचक ‘हे आपल्यासाठी नव्हे’ म्हणून बाजूला होतो. मी साहित्याचे रीतसर शिक्षण घेतलेले नाही, त्यामुळे हे ‘आपल्यासाठी नव्हे’ मला बरेचदा ऐकावे लागले आहे. म्हणूनच या शब्दाची थोडी तपासणी करावीशी वाटते.

माझे म्हणणे असे आहे. प्रत्येक अवघड कादंबरी नेहमीच्या गोष्टीतून एखादी ठरावीक वस्तू काढून घेते आणि तिची रिकामी जागा वाचकाने भरावी, अशी अपेक्षा ठेवते. ती जागा भरण्याची सवय वाचकाच्या रोजच्या जगण्यात असेल, तर पुस्तक उघडते. नसेल, तर ते दुर्बोध ठरते. ही सवय पदवीबरोबरच मिळते असे नाही. तीन कादंबऱ्यांच्या आधाराने हे पाहू. त्यांतल्या दोघींचे लेखक आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात जन्मले, याचाही इथे संबंध आहे.

आधी त्या काळचा वाचक कशावर वाढला होता ते पाहायला हवे. वि. स. खांडेकर शिरोड्याच्या शाळेत मास्तर होते. ‘उल्का’ (१९३४) त्याच काळातली. खांडेकर आणि फडके यांच्या कादंबऱ्यांत लेखक वाचकाचे बोट सोडत नाही. पात्राच्या मनात काय चालले आहे, त्याचे काय करायचे, कोणाची बाजू घ्यायची, हे सगळे सांगितलेले असते. या वाचकासमोर १९४२ साली बा. सी. मर्ढेकरांची ‘रात्रीचा दिवस’ आली.

तिच्यामागे युरोपातला मोठा पालट होता. मनातले विचार तुटक नसतात, ते प्रवाहासारखे वाहतात, अशी मांडणी विल्यम जेम्स या मानसशास्त्रज्ञाने १८९० मध्ये केली. जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ १९२२ मध्ये पॅरिसला छापली गेली, व्हर्जिनिया वुल्फची ‘मिसेस डॅलोवे’ १९२५ मध्ये आली. मर्ढेकर तरुणपणी इंग्लंडमध्ये राहून आले होते. हे वारे त्यांनी जवळून अनुभवले. मराठी समीक्षेने या तंत्राला ‘संज्ञाप्रवाह’ असे नाव दिले आणि ‘रात्रीचा दिवस’ हा त्याचा आरंभीचा मोठा प्रयोग मानला गेला. पुढे ‘तांबडी माती’ (१९४३) आणि ‘पाणी’ (१९४८) आल्या.

‘रात्रीचा दिवस’ने घटनांची सरळ रांग काढून घेतली. आठवण, समोरचे दृश्य, अर्धवट विचार हे सगळे एकाच दमात येते. आता अखंड वाहणारे बोलणे कोकणी माणसाला नवे नाही. आमच्याकडचे गाऱ्हाणे तसेच असते: बारा-पाचाच्या देवांपासून गावच्या शिवेपर्यंत सगळ्यांना हाक घालत ते एका ओघात चालते. पण गाऱ्हाण्यात ऐकणाऱ्याला जागा असते. ठरलेल्या ठिकाणी सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचे असते. मर्ढेकरांच्या ओघात ही जागा मला सापडत नाही. तो प्रवाह एका मनाचा आहे आणि ते मन स्वतःशीच बोलते. प्रयोग म्हणून त्याचे मोल मोठे आहे. तरी वाचकाने कुठे उभे राहायचे, हा प्रश्न त्याने सोडवला नाही, असे मला वाटते.

वीस वर्षांनी, १९६२ साली, पु. शि. रेगे यांची ‘सावित्री’ प्रसिद्ध झाली. रेगे मूळचे देवगड तालुक्यातल्या मिठबावचे, लंडनला अर्थशास्त्र शिकलेले, मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजचे प्राचार्य झालेले. ‘सावित्री’ ही छोटीशी कादंबरी फक्त पत्रांची आहे आणि पत्रेही एकाच बाजूची. सावित्री लिहिते, ज्याला लिहिते त्याचे उत्तर एकदाही आपल्यासमोर येत नाही. कूर्गपासून जपानपर्यंतचे जग आणि दुसऱ्या महायुद्धाचा काळ पत्रांच्या मागे सरकत राहतो. दोन पत्रांमधल्या तारखांच्या अंतरात बरेच काही घडून जाते.

इथे काढून घेतलेली वस्तू स्पष्ट आहे: समोरच्याचा आवाज. आणि ती जागा भरण्याची तालीम या मुलखाला पिढ्यान्‌पिढ्या मिळालेली होती. गिरण्यांच्या काळापासून कोकणातल्या घरांचे कर्ते पुरुष मुंबईत आणि बाकीचे गावी, अशी रीत. मनिऑर्डरीच्या कुपनावरच्या दोन ओळी, पुढे अंतर्देशीय पत्र, ते वाचून दाखवणारा पोस्टमन किंवा मास्तर. घरात उरत असत ती आलेली पत्रे. गेलेली पत्रे मुंबईच्या खोलीत. म्हणजे अर्धा पत्रव्यवहार हीच इथली नेहमीची स्थिती. ‘सर्व क्षेम’ या शब्दांमागे काय दडले आहे, यंदा पत्र का लांबले, पैशांचा आकडा का घटला, हे ओळखणाऱ्या बायका अनेकदा निरक्षर होत्या. पण न लिहिलेले वाचण्यात तरबेज होत्या. ‘सावित्री’ वाचायला नेमकी हीच नजर लागते.

तिसरी कादंबरी चिं. त्र्यं. खानोलकरांची ‘कोंडुरा’ (१९६६). खानोलकरांचा जन्म वेंगुर्ल्याजवळच्या बागलांच्या राईतला. त्यांनी निवाडा करणारा निवेदक काढून घेतला. परशुरामतात्याला झालेला साक्षात्कार खरा की त्याच्या मनाचा खेळ, याचा निकाल कादंबरी देत नाही. श्याम बेनेगल यांनी १९७८ मध्ये तिच्यावर हिंदी व तेलुगू चित्रपट केला. कोकणातून आंध्रात नेऊनही ती गोष्ट उभी राहिली.

वाचकाला ही अनिश्चितता छळते. पण देवळात कौल लावतात तेव्हा काय होते? देवाच्या अंगाला तांदूळ किंवा फुले लावतात. उजवीकडचे पडले तर होकार. खूण समोर असते, तिचा अर्थ मात्र माणसांनी लावायचा असतो, आणि तो लावताना ज्याची त्याची भीती नि हाव उघडी पडते. ‘कोंडुरा’त खानोलकर वाचकाला याच जागी आणून उभे करतात.

या तंत्रांना ‘परदेशी कलम’ म्हणणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच की कलम कुठूनही येवो, ते मूळ धरते ते मातीत. रेगे आणि खानोलकर यांच्या अवघडपणाला इथल्या सवयींची माती मिळाली.

मात्र सवयी बदलतात. आता तळेऱ्याच्या तिठ्यावर उभा राहिलेला मुलगा मुंबईतल्या बापाशी व्हिडिओ कॉलवर बोलतो. उत्तर लगेच येते. पत्राची महिनाभर वाट पाहणे, आलेल्या चार ओळी पुन्हापुन्हा चाचपणे हे त्याला ठाऊक नाही. उद्या त्याला ‘सावित्री’च दुर्बोध वाटली, तर दोष ना त्याचा, ना रेग्यांचा. उलट एका दमात दहा गोष्टींवरून लक्ष उड्या मारत नेण्याची जी सवय त्याला लागली आहे, तिच्यामुळे ‘रात्रीचा दिवस’ त्याला आमच्यापेक्षा जवळची वाटेल, हेही शक्य आहे.

म्हणून ‘दुर्बोध’ हा शब्द वापरताना दोन प्रश्न जोडून विचारावेत: कोणाला, आणि कोणत्या काळात? पुस्तकातले शब्द तेच राहतात. त्यांतल्या रिकाम्या जागा भरणारी माणसे बदलतात. वाङ्मयाच्या इतिहासात पुस्तकांच्या तारखा नोंदल्या जातात. ती वाचणाऱ्या माणसांच्या सवयी मात्र फारशा नोंदल्या जात नाहीत. ज्यांनी अर्ध्या पत्रव्यवहारातून आयुष्ये वाचली, ती पिढी अजून थोडीफार हयात आहे. तिला विचारून घ्यायला हवे.